सम्राटाचं तळं

“आणि मी नुसताच गप्प राहिलो तर, गुरुजी?”

लियांग गुरुजी रेशमाच्या किड्यांच्या टोपलीत तुतीची पानं पसरत होते.

शेन रुई त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. राज्याच्या परीक्षेत पहिला आलेला, आता सम्राटाला राजधर्म सांगणारा मंत्री. बरेच दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मुलखात दुष्काळ होता, आणि तरुण सम्राटाला राजवाड्यात तळं हवं होतं. खणायला गावंच्या गावं वेठीला धरायची होती. हे शास्त्राला धरूनच आहे, असं शेन रुईनं उद्या भर दरबारात सांगायचं होतं. आधीचा मंत्री ‘नाही’ म्हणाला, तर त्याला दक्षिणेच्या तापाच्या जंगलात धाडलं. तो परत आला नाही.

“राजा म्हणजे प्रजेचा बाप, असं आपण शिकलो,” शेन रुई घाईघाईनं म्हणाला. “मग बापाची आज्ञा...”

“उपाशी पोरांना बाप खणायला लावतो?”

“नाही... पण घरी माझी म्हातारी आई आहे. तिला टाकून त्या जंगलात मरायचं, हाही अधर्मच ना? ग्रंथ चाळतोय मी. कुठंतरी वाट असेलच.”

“असेल की. प्रत्येक राजघराण्याच्या मंत्र्यांना सापडत आलीय.”

शेन रुई चिडला. “मला जिवाची भीती नाही, गुरुजी! मानाची हाव तर नाहीच. फक्त धर्म काय ते...”

गुरुजींनी हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावरची मंत्रिपदाची काळी टोपी धरली.

शेन रुईचे दोन्ही हात झटकन वर गेले. टोपी त्यानं घट्ट दाबून धरली.



शेन रुईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं हळूहळू हात खाली घेतले. गुरुजींनी टोपी काढली नाही. जराशी कलली होती, ती सरळ करून दिली.

बाहेर पालखीचे भोई खाकरले. उजेड असेपर्यंत राजधानी गाठायची होती.

“‘नाही’ म्हणतो उद्या,” शेन रुई म्हणाला. दारापाशी तो पुन्हा वळला. “पण गुरुजी... एवढी राजघराणी होऊन गेली, सगळ्यांनी कन्फ्यूशियसची शिकवण पुढे ठेवून राज्यं चालवली, त्यांची देवळं बांधली. आणि हा पोरगा माझं एक ऐकायचा नाही. मग बोलून उपयोग काय?”

गुरुजींनी मूठभर पानं उचलली.

“कन्फ्यूशियस जिवंत होते,” ते म्हणाले, “तेव्हा त्यांचं कुठल्या राजानं ऐकलं?”