धुळाची दुसरी खेप

घाटाखालच्या एका गावात धुळा नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

गौराक्काचा मंडपाचा धंदा होता आणि धुळा तिची पिकअप चालवायचा. गौराक्काच्या लेकीचं, रेवतीचं, लग्न ठरलं. लग्न घाटावरच्या देवळात, दुपारच्या मुहूर्तावर. नवरदेवाचे मामा फार कडक. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मुहूर्त चुकला, तर आम्ही आमचा मुलगा घेऊन परत जाऊ."

एवढं सामान आणि वऱ्हाड वर न्यायचं म्हणून गौराक्कानं इलाहीभाई वेल्डरकडून नवी ट्रॉली करून घेतली. ट्रॉलीला बगळ्यासारखी लांब, वाकडी मान होती. ही मान पिकअपच्या हौद्यात यायची आणि तिथं ठोकलेल्या लोखंडी गोळ्यावर बसायची.

गौराक्का म्हणाली, "धुळा, गोळा गाडीच्या मागं बसवून घे."

धुळानं मागं म्हणजे अगदी मागं, हौद्याच्या कडेला गोळा बसवला. त्याच्या मागं फक्त हवा होती. ट्रॉलीत कढया, पातेली भरली. मानेचा भार कडेवर पडला आणि पिकअपनं तोंड वर केलं. पुढची चाकं अधांतरी. धुळानं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. गाडी सरळ उकिरड्यात गेली.

इलाहीभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, गोळा मागच्या चाकांच्या बरोबर वर पाहिजे. हौद्याच्या पोटात! वजन चाकांवर पडू दे की."

"ते उद्या करा," गौराक्का म्हणाली. "आज घरापुरतं चालवू. धुळा, पुढचं उचललं की पुढं माणूस बसवायचा, कळलं?"

"ध्यानात ठेवतो, आक्का," धुळा म्हणाला. आणि ठेवलं.

साखरपुड्याच्या दिवशी मामा वरातीची घोडी दाखवायला घेऊन आले. ताशा कडाडला. घोडी बिचकली आणि पुढचे दोन्ही पाय वर करून उभी राहिली. लोक पळाले. धुळा मात्र पळाला नाही. पुढचं उचललं होतं. त्यानं जवळचा माणूस उचलला आणि घोडीच्या मानेवर बसवला. जवळचा माणूस म्हणजे मामा.

मामा गटारात सापडले.

"अरे बिनडोक्या!" गौराक्का ओरडली. "आधीच बिथरलंय त्याच्यावर बोजा चढवतात का? बोजा कमी करायचा असतो! घाटातसुद्धा गाडी ओढेना झाली की निम्मा बोजा खाली ठेवायचा, निम्मा वर न्यायचा. मग दुसरी खेप मारायची."

"ध्यानात ठेवतो, आक्का."

लग्नाच्या आदल्या दिवशी बासुंदीचं दूध वर न्यायचं होतं. घाटात गाडी धापा टाकायला लागली. धुळा खाली उतरला. एकेक कॅन उघडला आणि प्रत्येकातलं निम्मं दूध रस्त्यावर ओतलं. गाडी झकास चढली. वर कॅनमधलं दूध पातेल्यांत काढून तो राहिलेलं दूध आणायला लगेच रिकामे कॅन घेऊन परत गेला. दूध नव्हतं. कुत्री होती, ती ओठ चाटत होती.

गौराक्काला रडावं की हसावं कळेना.

"ओतायचं नाही रे माझ्या राजा! ट्रॉलीची मान सोडायची, चाकाला दगड लावायचा. जे आहे ते तसंच खाली ठेवायचं. पिकअप वर आणायची आणि मग परत जायचं. आणि खाली जाताना गाडी रिकामी न्यायची नाही, डिझेल फुकट जातं. जे मोकळं दिसेल ते घेऊन जायचं. शिरलं का डोक्यात?"

"शिरलं, आक्का."

लग्नाचा दिवस उजाडला. गौराक्का पहाटेच वर गेली होती. धुळानं हौद्यात वाजंत्री बसवले. ट्रॉलीत खुर्च्या, हारतुरे आणि मध्ये शालू नेसलेली रेवती. आज चूक करायचीच नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. गोळाही आता बरोबर जागी होता.

घाट आला. गाडी धापा टाकायला लागली. धुळानं मान सोडली. ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला, हलवून पाहिला.

"अरे धुळादादा, मला टाकून कुठं चाललास?" रेवती ओरडली.

"टाकत नाही ताई. तुम्ही दुसऱ्या खेपेला."

वर नवरदेव पाटावर उभा होता. भटजी अंतरपाट धरायला माणसं शोधत होते. मामा घड्याळ बघत होते. पिकअपमधून वाजंत्री उतरले आणि वाजवायलाच लागले.

"रेवती कुठाय रे?" गौराक्कानं विचारलं.

"खाली आहे. काळजी करू नका आक्का, दगड लावलाय. हलायची नाही."

गौराक्काचा आवाज घाटात दोनदा घुमला. "जा! आधी तिला घेऊन ये!"

धुळा धावला. दार उघडलं आणि थबकला. गाडी रिकामी होती. त्यानं मंडपात पाहिलं. भटजी कामात. आचारी कामात. मामा ओरडण्यात. एकटा नवरदेव तेवढा मोकळा होता.

"चला, बसा," धुळा म्हणाला.

नवरीला आणायला आपल्याला बोलावतात, असं नवरदेवाला वाटलं. तो मुंडावळ्या सावरत बसला.

काही वेळानं पिकअप धूळ उडवत वर आली. रेवती उतरली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. गौराक्कानं पलीकडं पाहिलं. पाटावर कुणीच नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" मामा किंचाळले.

"खाली," घाम पुसत धुळा म्हणाला. "चढाला निम्मा बोजा खालीच ठेवायचा ना! दगड लावून ठेवलेत. आणतो की आता."

तो गाडीकडं धावला, दाराशी थांबला आणि मागं वळून रेवतीला म्हणाला, "चला ताई, बसा. रिकामी खेप मारायची नाही."