मंत्राच्या वेळची शिंक

“पण महाराज, शिंक जिंकायची कशी?”

पठारावरच्या मठात यशोधन हा प्रश्न घेऊन बसला होता. तरणाबांड गडी, श्वासावर आपला ताबा आहे म्हणून चारचौघांत मिरवणारा. आश्विनात त्याला दीक्षा मिळायची होती. मठाची रीत अशी की पहाटे, उघड्या माळावर, गुरूने शिष्याच्या कानात मंत्र सांगायचा.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली होती. गणपती उठले, माळावरचं गवत फुललं की यशोधनच्या नाकाला धार लागायची. मंत्राच्या वेळी शिंक म्हणजे अपशकुन, दीक्षाच हुकणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

सोपानगिरी महाराजांना कसलीच घाई नसे. आजवर काय केलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

यशोधनने अभिमानाने सांगितलं. रोज पहाटे तो फुललेल्या गवतात नाक-तोंड न झाकता जाऊन बसायचा. मन खंबीर असेल तर नाकाची काय बिशाद, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी दिलेलं औषध झोळीच्या तळाशी तसंच पडलं होतं. साधकाने काय औषधावर जगायचं?

हे सांगतानाच त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती.

महाराज उठले. वाऱ्याकडची खिडकी लावली. त्याला डोळे आणि तोंड धुवायला लावलं. मग झोळीतलं औषध काढून त्याच्या हातात ठेवलं आणि तो ते घेईपर्यंत समोरून हलले नाहीत.

शिट्टी हळूहळू थांबली.

तेव्हा महाराजांनी कोनाड्यातून एक बाटली काढली आणि स्वतःच्या दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारला.

यशोधन बघतच राहिला. या दिवसांत महाराज ऊन चढेपर्यंत बाहेर येत नसत, आणि आले तर नाकावर ओला पंचा बांधून. मठात हे मोठं व्रत मानलं जाई. जन्मात न शिंकलेले शिष्यही भक्तिभावाने पंचे बांधून हिंडत.

“म्हणजे ते व्रत…”

“त्यांचं असेल. माझं नाक आहे.”

“आपणही… जिंकलं नाहीत?”

“गवत फुलायच्या आधीच बाटली सुरू करतो. माळावरून आलो की आंघोळ करून छाटी बदलतो. बरंचसं भागतं. सगळं नाही भागत.”

मला विचाराल तर, ज्याच्या पायावर लोक डोकं ठेवतात त्याने इतकं सरळ बोलावं, याहून मोठी सिद्धी मी पाहिलेली नाही.

दीक्षा यंदा दुपारी होईल, इथेच, खिडकी लावून, असं महाराजांनी सांगून टाकलं. रीत मोडेल, असं यशोधन पुटपुटला. महाराजांनी ते ऐकलं न ऐकलं केलं.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. मनातली भीती अजून तिथेच होती.

“आणि एवढं करूनही… ऐन मंत्राच्या वेळी शिंक आली तर?”

महाराजांनी बाटली कोनाड्यात परत ठेवली.

“मला आली होती. गुरूंचं तोंड माझ्या कानाशी, आणि मी शिंकलो. मंत्र ऐकूच आला नाही.”

“मग?”

“…त्यांनी पुन्हा सांगितला.”