पंगतीतला 'ना'

"मग यातला मूळ शब्द कोणता, अप्पा?"

प्राध्यापक मनोहर बिडवे यांनी वही मिटली. मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलखांच्या शिवेवरचा हा मठ, आणि समोर बसलेले बसलिंग अप्पा इथले वृद्ध स्वामी. 'मला शिष्य करून घ्या' म्हणून बिडवे यापूर्वी दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा अप्पा एवढंच म्हणाले होते, "ना."

तो 'ना' त्यांच्या फार जिव्हारी लागला. दोन वर्षं खपून त्यांनी त्या एका अक्षराचं कूळच शोधून काढलं. विद्वान माणूस रुसला की असंच काहीतरी करतो.

"आपला ना म्हणजे नकार. तो संस्कृतातल्या 'न'पासून आला. कन्नड माणसाचा ना म्हणजे 'मी', 'नानु'चं आखूड रूप. तेलुगूत ना म्हणजे 'माझं'. तमिळमध्ये जीभ. अरबीत तो शब्दाच्या शेवटी लागला की 'आमचं'."

"बरं," अप्पा म्हणाले. "जेवलास का?"

"आधी उत्तर द्या, अप्पा."

अप्पांनी दाराजवळच्या बादलीकडं बोट दाखवलं.

"दासोहाची पंगत बसलीय. वाढायला माणूस कमी आहे. ती बादली घे."

दासोह म्हणजे येईल त्याला मठात पोटभर जेवण. बिडव्यांना वाटलं, ही आपली परीक्षा. ते मनातून खूश झाले.

बादलीत गव्हाची हुग्गी होती, खिरीसारखी, गुळाची, गरम. पंगतीत तिन्ही मुलखांची माणसं होती. बिडवे वाढत होते कमी आणि विचारत होते जास्त. एका तेलुगू ट्रकवाल्यानं छातीवर हात ठेवून ना म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा तर त्यांना वही अप्पांच्या खोलीतच राहिल्याची हळहळ वाटली.

पंगतीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. शेजारी गाठोडं, पायांवर धूळ. बिडवे आले तशी तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"ना."

हा मराठी, बिडव्यांनी मनात टिपलं आणि बादली उचलून ते पुढं सरकले.

"थांब," मागून अप्पांचा आवाज आला.

अप्पांनी त्यांच्या हातातून पळी घेतली आणि म्हातारीपुढं वाकले.

"अव्वा, एक पळी."

"ना, अप्पा. पुरे झालं."

पत्रावळ पुसून काढल्यासारखी स्वच्छ होती. अप्पा हलले नाहीत. भरली पळी तिच्या हातावर तशीच धरून राहिले...

"अर्धी तरी."

"नको हो."

एक थेंब तिच्या बोटांवर पडला. म्हातारी हसली. हात हळूच बाजूला झाला. अप्पांनी दोन पळ्या वाढल्या, आणि ती खाली मान घालून भराभर जेवू लागली.

बिडव्यांचे कान तापले. पाहुण्याला तीनदा आग्रह केल्याशिवाय पळी मागं घ्यायची नाही, हे त्यांना आईनं सातव्या वर्षी शिकवलं होतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

पंगत उठली. बिडव्यांनी सगळ्या पत्रावळी गोळा केल्या, बादली घासली आणि अप्पांसमोर येऊन बसले. वहीची त्यांना आठवणही झाली नाही.

"अप्पा... मला शिष्य करून घ्या."

"ना."

उठण्यासाठी सवयीनं त्यांचे हात गुडघ्यांवर गेले. मग तिथंच थांबले...

बिडवे मांडी घालून बसून राहिले.

अप्पांनी कोनाड्यातली एक पत्रावळ काढली, पाण्यानं पुसली आणि त्यांच्यासमोर मांडली.

"मागं दोन्ही वेळेला तू इथंच उठला होतास."