टिंब्याचं सातवं पान

एका कारखान्यात लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापत. खिडकीत नवा पडदा लागला. पडद्यावर वेल. वेलीचं चित्र विलायतेतल्या एका साहेबानं काढलेलं, शंभर वर्षांपूर्वी.

वेलीवर सहा हिरवी पानं. सहा पानांवर सहा हिरवे नाकतोडे. सातवा टिंब्या, सगळ्यांत धाकटा. त्याच्या जागी पानच नाही. नुसतं पांढरं कापड.

"दादा, सरक ना."

"जागा नाही. बस पांढऱ्यावर. पालीला लगेच दिसशील."

भिंतीवर पाल होतीच. चुक चुक चुक.

टिंब्या पडद्याला म्हणाला, "साहेबाला सांग, माझं पान राहिलं."

पडदा म्हणाला, "साहेबानं नुसतं चित्र काढलं. पान छापते शालनआत्या."

टुणुक टुणुक टुणुक.

"आत्या, आत्या, मला पान हवं."

"ठशावर कालचा लाल रंग वाळलाय. धुतलेला ठसा मिळाल्याशिवाय मी छापणार नाही. जा बाबूमामांकडे."

टिंब्या गोंधळला. पान हिरवं, मग लाल कुठून आलं?

टुणुक टुणुक टुणुक.

"मामा, मामा, आत्याला ठसा हवा, मला पान हवं."

"पाणी मिळाल्याशिवाय मी धुणार नाही. जा गोदामावशीकडे."

टिंब्या गोंधळला. पान कापडाचं, त्याला पाणी कशाला?

टुणुक टुणुक टुणुक.

"मावशी, मावशी, मामांना पाणी हवं, आत्याला ठसा हवा, मला पान हवं."

"बादलीची कडी तुटलीय. बादली मिळाल्याशिवाय मी पाणी आणणार नाही. जा दौलतकाकांकडे."

पानाला बादली कशाला?

टुणुक टुणुक टुणुक.

"काका, काका, मावशीला बादली हवी, मामांना पाणी हवं, आत्याला ठसा हवा, मला पान हवं."

"निखारा मिळाल्याशिवाय मी कडी जोडणार नाही. जा मागच्या चुलीकडे."

"तिथं कोण असतं?"

"असतं कुणीतरी. नाव नाही ठाऊक."

टिंब्या फारच गोंधळला.

टुणुक… टुणुक… टुणुक.

भिंतीमागे चूल. चुलीवर रंग. रंग ढवळत एक बाई.

"तुमचं नाव काय?"

"हौसा."

"हौसाकाकू, हौसाकाकू, काकांना निखारा हवा, मावशीला बादली हवी, मामांना पाणी हवं, आत्याला ठसा हवा, मला पान हवं."

"मग चल की. रोज मीच तर देते. आज कुणी हाकच मारली नाही."

काकूनं निखारा दिला. काकांनी कडी जोडली, ठण ठण. मावशीनं पाणी आणलं, डुचुक डुचुक. मामांनी ठसा धुतला, खळ खळ. आत्यानं पडदा पसरला. ठसा हिरव्या रंगात टेकवला, कापडावर ठेवला. मूठ मारली.

ठप्प.

सातवं पान उमटलं.

पान वाळलं. पडदा पुन्हा लागला.

दादानं विचारलं, "साहेबानं दिलं का रे पान?"

"साहेबानं, आत्यानं, मामांनी, मावशीनं, काकांनी, हौसाकाकूनं."

"एवढ्या जणांनी? एकच पान?"

आता दादा गोंधळला.

पाल आली. चुक चुक. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सात पानं. नाकतोडा एकही नाही.

पाल गेली.

टिंब्या पानावर झोपला.