भागूमायचं न उतरलेलं लुगडं

फार फार वर्षांपूर्वीची, संस्थानी अमलातली गोष्ट. तेव्हा धामणखेडच्या कोष्टी आळीत पाऊल टाकलं की माणसांच्या आधी माग बोलायचे. खट् खट्, खट् खट्. असं म्हणतात, आळीतलं तान्हं पोर त्या आवाजावाचून झोपतच नसे.

त्या आळीत भागू कोष्टीण राहायची. नवरा शेषाप्पा मागावर बसायचा, ती सूत उकलायची, ते गुंडाळून धोट्यात घालायच्या कांड्या भरायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं काम पुरुषांचं, असा तेव्हाचा रिवाज. आयुष्यभर दुसऱ्यांची लुगडी विणणाऱ्या शेषाप्पाला उतारवयात एक लहर आली. तो म्हणाला, "भागे, या खेपेला तुझ्यासाठी विणतो." त्यानं हिरव्या काठाचा ताणा, म्हणजे कापडाचं उभं सूत, मागावर चढवला.

पण त्याच सुमाराला मुलखात तापाची साथ आली. बाजार बसले, कापडाला कुणी विचारीना. सरकारला मात्र ताप येत नाही, त्यामुळे सरकारला ती साथ कळलीच नाही. प्रत्येक मागावर मागपट्टी नावाचा कर असायचा, त्याची बाकी चढत राहिली. शेषाप्पा तापात गेला. लुगडं निम्मं विणून मागावरच राहिलं. मेल्या माणसाचं अर्धं काम कोण हाती घेणार? कुणी त्याला शिवलं नाही.

मग संस्थानातून हुकूम सुटला: बाकी भरा, नाहीतर माग जप्त. केसोपंत कारकून शिपाई आणि बैलगाड्या घेऊन धामणखेडला आले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जप्तीला एक जुना नियम होता. मागावर ताणा चढलेला असेल तर तो कापून माग उचलायचा नाही. जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं नाही, तसंच हे. राजाच्या फेट्याचं कापड याच आळीतून जायचं, म्हणून सरकारनंही तो नियम पाळलेला. पण घाबरलेल्या माणसाला नियम आठवत नाही. पट्टी भरता यावी म्हणून कोष्ट्यांनी जिवाच्या आकांतानं हातातली कापडं संपवली आणि बाजारात नेली. भाव मिळाला नाही, पट्टी भरली गेली नाही, आणि घरी रिकामे माग उभे! शिपायांनी ते उपटले आणि गाड्यांवर घातले. आळी हळूहळू मुकी झाली. आपल्याच घाईनं आपला घास गेला, हे कळलं तेव्हा मोठमोठे बाप्ये ओसरीवर बसून रडले.

शेवटी केसोपंत भागूच्या दाराशी आले. आत माग होता, आणि मागावर शेषाप्पाचं अर्धं लुगडं.

भागू म्हणाली, "पंत, ताणा चढलेला हाये. कापड विणून मागावरनं उतरलं की माग न्या. माझी ना न्हाई."

"विणणार कोण?" पंतांनी विचारलं.

भागूनं मागाला हात लावून नमस्कार केला, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. आळीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत राहिल्या. धोटा आधी अडखळला, मग चालू लागला. मुक्या आळीत पुन्हा खट् खट् ऐकू आलं. पंत उंबऱ्यावर बसले. अर्धं लुगडं, पुरून पुरून किती दिवस पुरणार, असा त्यांचा हिशोब.

ताणा सरत आला. चार बोटं उरला. पंत उठले, शिपायांना हाक मारली. तेव्हा भागूनं धोटा बाजूला ठेवला, बोटांना राख लावली आणि जुन्या ताण्याच्या टोकाला नवं सूत वळून जोडायला घेतलं. एक धागा, मग दुसरा धागा. भर दुपारी, पंतांच्या डोळ्यांदेखत.

"हे काय चाललंय?" पंत ओरडले.

आळीतले सगळ्यांत जाणते रामजीबाबा काठी टेकत पुढं आले. "पंत, सांधलेला ताणा म्हंजे त्योच ताणा. कापड अजून मागावर हाये. कंच्याबी कोष्ट्याला इचारा."

पंतांना नियम मोडता येईना आणि माग सोडून परतता येईना. ते पुन्हा उंबऱ्यावर बसले.

भागू विणत राहिली. तिचं सूत संपलं तेव्हा शेजारणींनी आणून दिलं. ज्यांचे माग गेले होते त्या प्रत्येक घरातून उरलंसुरलं सूत आलं. पांढरं, तांबडं, विटकं, जसं असेल तसं. तेही संपलं तेव्हा, असं म्हणतात, गावाभोवतीच्या सावरीच्या झाडांची बोंडं अवकाळी फुटली आणि कापूस आपणहून भागूच्या अंगणात येऊन पडला. कापड कापायचं नाही, कारण कापलं की ते उतरलं. त्यामुळे ते घरात मावेना. दारातून आळीत आलं, आळीतून वेशीबाहेर गेलं. माग गेलेल्या कोष्ट्यांनी ते खांद्यावर घेतलं आणि संस्थानच्या रस्त्यानं चालू लागले. त्यांचे खांदे भरले तेव्हा पुढच्या गावची माणसं येऊन उभी राहिली. असं म्हणतात, ते कापड नदीवरून गेलं तेव्हा त्याचा एक धागाही भिजला नाही.

आणि उंबऱ्यावरचे केसोपंत? नुसतं बसून माणूस किती बसेल! एके दिवशी त्यांनी भागूची रिकामी कांडी उचलली आणि भरायला घेतली. आधी सूत गुंतलं, भागूनं हसून सोडवून दिलं. मग त्यांना जमायला लागलं. शिपायांनी दारातल्या रिकाम्या गाडीचे बैल सोडले.

लुगड्याचं टोक राजवाड्याच्या पायरीला लागलं. राजानं विचारलं, हे कुठून आलं? दरबारात कुणाला सांगता येईना. मग राजानं ते टोक हातात धरलं आणि त्या कापडाच्या मागोमाग पायी निघाला. वाटेत त्याला बसलेले बाजार दिसले, बंद दारं दिसली, विझलेल्या चुली दिसल्या. धामणखेडला पोचला तेव्हा त्याच्या पायांना फोड आले होते.

भागू खड्ड्यात होती. हाडं तेवढी राहिली होती, पण हात चालत होता. राजा म्हणाला, "बाई, हे कुठवर विणणार?"

"आळीतले माग घरी येईस्तोवर," ती म्हणाली. मग तिचं लक्ष राजाच्या हाताकडे गेलं. त्या हातात लुगड्याचं पहिलं टोक होतं, हिरव्या काठाचं, शेषाप्पाच्या हातचं. इतक्या दिवसांत भागू रडली नव्हती. ते टोक तिनं गालाला लावलं आणि ती पोटभर रडली.

राजानं साथीच्या काळातली बाकी माफ केली. पट्टी पुढंही राहिलीच, लोकांनी ती भरलीही. पण गाड्या माघारी आल्या, माग आपापल्या खड्ड्यांवर बसले आणि आळी पुन्हा बोलू लागली. सगळे माग वाजताना ऐकले तेव्हा भागूनं कात्री मागितली. चार बोटं ताणा मागावर ठेवून लुगडं कापलं, मागावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही. आळीनं तिला शेवटचं नेसवलं ते शेषाप्पाच्या हिरव्या काठाचं लुगडं. तिच्यासाठी विणायला घेतलेलं ते अखेर तिच्याच अंगावर गेलं.

धामणखेडला अजून कुणी रिकामा माग ठेवत नाही. कापड उतरवताना चार बोटं ताणा राखतात, नवा ताणा त्यालाच सांधतात. त्याला भागूमायची चार बोटं म्हणतात. घरात कुणी गेलं तर शेजारी पाळीपाळीनं त्या मागावर बसतात.

आणि वसुलीला आजही माणूस येतोच. पण तो कितीही मोठा साहेब असो, आळीत आला की उंबऱ्यावर बसतो. घरची बाई त्याच्या हातात रिकामी कांडी देते. ती भरून होईपर्यंत थकलेल्या बाकीचा विषय कुणी काढत नाही.