भिवराची टोपली

त्या राज्यात भूक सर्वांना सारखीच लागत असे, टोपली मात्र हुद्द्याप्रमाणे मिळत असे. राजा मोर होता. त्याच्या राजवाड्यात टोपल्या नव्हत्या, कोठारे होती. बाकी प्रत्येक घराला वेताची एक टोपली ठरलेली होती. आठवडाभर राबावे, रविवारी टोपली घेऊन बाजारात जावे, तीत मावेल तेवढे भरावे आणि घरी यावे, असा कायदा होता. बाजाराच्या वेशीवर एक सरडा हातात सरळ काठी घेऊन उभा असे. तो ती काठी टोपलीच्या काठावरून फिरवी. काठाच्या वर जे काही असेल ते पलीकडच्या हौदात पडे, आणि हौद राजाचा होता.

टोपल्या विणण्याचे काम दरबारच्या सुगरण पक्ष्यांकडे होते. दर वर्षी नवी टोपली मिळे आणि दर वर्षी तिचा एक वेढा कमी असे. कोणी तसे बोलून दाखवले, तर सुगरण पक्षी सांगत, "टोपली तीच आहे. तुमची पोरं मोठी झाली." पोरे खरोखरच मोठी झालेली असत, त्यामुळे लोक विचारात पडून घरी जात.

भिवरा ही त्या राज्यातली एक घूस. तिचा नवरा रावजी राजवाड्याखाली भुयारे खणायच्या कामावर होता. त्यांना चार पोरे होती, आणि ती चौघेही सकाळी उठल्यापासून खायला मागत. सर्वांत धाकटी ठकी. तिला बारमाही खोकला होता आणि अलीकडे तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या.

टोपली भरावी तर भिवरानेच. लाल भोपळ्याला खालून भोक पाडून ती आतला गाभा काढून टाकी, त्या जागी तूरडाळ ओती आणि भोक गुळाच्या खड्याने बंद करी. दोडक्यांच्या मधल्या फटींत वाटाणे बसवी. कायदा टोपलीबद्दल होता, डोक्याबद्दल त्यात काही म्हटलेले नव्हते, म्हणून पालेभाजी ती अंगावर घालून आणी. रावजीच्या पटक्यात मेथीची जुडी असे. पोरांच्या गळ्यात लसणाच्या माळा असत, आणि त्या दृष्ट लागू नये म्हणून आहेत असे ती सांगे.

एकदा सरड्याने तिला अडवले. "हा गजरा कसला?"

"कोथिंबिरीचा."

"कोथिंबिरीचा गजरा कोण घालतं?"

"ज्यांच्याकडे मोगरा नाही ते," भिवरा म्हणाली.

सरड्याचा रंग बदलला. पण डोक्यावरून काठी फिरवायचा हुकूम त्याला नव्हता.

घरी आल्यावर खरे काम सुरू होई. सोमवारी दोडक्याची भाजी, मंगळवारी दोडक्याच्या सालींची चटणी. बुधवारी भोपळा, गुरुवारी भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. शिळ्या भाकरीचा चुरा करून शुक्रवारी त्याला फोडणी दिली जाई. आमटी सोमवारी घट्ट असे. मग रोज तिच्यात एक तांब्या पाणी पडे, आणि शनिवारी तिच्यात डाळीची नुसती आठवण राही. पण फोडणीचा वास इतका खमंग सुटे की शेजारच्या बिळातली हौसा साळिंदरीण काहीतरी निमित्त काढून डोकावून जाई.

पुढे एका वर्षी टोपलीचे दोन वेढे एकदम कमी झाले. लोक राजवाड्यापुढे जमले आणि टोपली पुरत नाही म्हणाले. राजा मोर सौंदर्याचा भोक्ता होता. त्याला ओरडणारी तोंडे पाहवत नसत. त्याने कोठारमंत्री बगळ्याला बोलावले. बगळ्याने बराच वेळ एका पायावर उभे राहून विचार केला आणि सांगितले, "महाराज, प्रश्न टोपलीचा नाही, पद्धतीचा आहे. आपण स्पर्धा घेऊ. याच टोपलीत जी गृहिणी उत्तम आठवडा काढील, तिला पदवी देऊ आणि दुसरी एक टोपली बक्षीस देऊ."

दवंडी पिटली गेली तेव्हा हौसा भिवराकडे आली.

"तू भाग घेऊ नको," ती म्हणाली.

"का गं? मला जमणार नाही?"

"तुला जमेल म्हणूनच सांगतेय. तू जिंकलीस म्हणजे पुरतं असं ठरलं."

भिवराने कोपऱ्यात झोपलेल्या ठकीकडे पाहिले. "मला दुसरी टोपली पाहिजे, हौसा. बाकी काय ठरायचं ते ठरू दे."

स्पर्धेच्या आठवड्यात बगळा रोज बिळाच्या तोंडाशी येऊन उभा राही. त्याच्याजवळ वही आणि तराजू होता. घरात डोकी सहा, असे त्याने पहिल्याच दिवशी लिहून घेतले. मग तो भाजी तोले, भाकऱ्या मोजी, आमटीत चोच बुडवून खोली पाही. जेवणानंतर तो भांडी तपाशी, ती चाटूनपुसून स्वच्छ असत. सारे आठवडाभर असेच नीट चालले. शनिवारी त्याने टोपली उलटी केली, तेव्हा तळातून दोन आवळे घरंगळत आले. भिवराने ते ठकीच्या खोकल्यासाठी बाजूला ठेवले होते.

बगळ्याने वहीत लिहिले, "शिल्लक."

सोहळा मोठा झाला. मोराने पिसारा फुलवला. भिवराला काटकसर-शिरोमणी ही पदवी मिळाली आणि एक पट्टा मिळाला. तो मोठ्या जनावरासाठी शिवलेला असल्यामुळे तिला तीन वेळा गुंडाळावा लागला. टोपलीही मिळाली. ती फार सुबक होती आणि तिच्या बुडाला बारीक अक्षरांत लिहिले होते की ही शोभेची असून बाजारात आणू नये.

त्यानंतर बगळ्याने अहवाल वाचला. एका सर्वसाधारण कुटुंबात आठवड्याच्या शेवटी दोन आवळे उरतात, असे सिद्ध झाले होते. तेव्हा पुढच्या महिन्यापासून टोपलीचे आणखी दोन वेढे कमी होणार होते. नव्या मापाला आदराने भिवरा-माप असे नाव देण्यात आले.

घरी आल्यावर रावजीने पट्टा सोडायला मदत केली आणि म्हणाला, "कापड चांगलं आहे. दोन पोरांचे सदरे होतील." भिवराला हसू आले आणि मग रडूही आले.

दुसऱ्या दिवसापासून शेजारणी तिला पाहून बिळात जाऊ लागल्या. विहिरीवर कोणी नव्या टोपलीचा उल्लेख केला की "हिच्या नावाची" असे पुढे कोणीतरी म्हणे. भिवराने हौसाकडे वाटीभर आमटी पाठवली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, अशी त्या आळीची रीत होती. हौसाने वाटी घासून, पुसून, रिकामी परत केली.

भिवराने ती वाटी फळीवर ठेवली. मग तिने सदरे बेतून उरलेला पट्टा अंगाभोवती गुंडाळला आणि थेट दरबारात गेली.

"महाराज," ती म्हणाली, "मंत्र्यांनी पद्धत लिहून घेतली, पण स्वयंपाक लिहून समजत नाही. उद्या कुठे बिघडलं तर नाव माझं खराब होईल. मी एक आठवडा दरबारासाठी करून दाखवते. अंगणात पंगत मांडा, लोकांनाही बघू द्या. महाराज आणि पाच मंत्री, म्हणजे डोकी सहाच. ज्या मापाच्या टोपलीत मी जिंकले तीच घेईन, लहान नको. मग तुम्हीच सर्वांना सांगा की पुरतं."

लोकांनी बघावे हा भाग मोराला फार आवडला. त्याने आठवडाभरासाठी कोठारांना कुलूप घालायला लावले.

रविवारी भिवरा साऱ्या दरबारासह बाजार करून निघाली तेव्हा पद्धतीप्रमाणे महाराजांच्या तुऱ्यात कोथिंबीर आणि पाचही मंत्र्यांच्या गळ्यात लसूण होता. वेशीवरच्या सरड्याला त्या वेळी जो रंग आला तो पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता.

सोमवारी अंगणात सहा पाने मांडली गेली. कुंपणाबाहेर गर्दी होती, आणि पुढच्या रांगेत हौसा होती. भिवराने महाराजांपासून वाढायला सुरुवात केली. दोडक्याची भाजी सुरेख झाली होती. पण पाच पाने भरली आणि भांडे संपले. सहावे पान बगळ्याचे होते.

"काहीतरी चुकलं," बगळा म्हणाला. त्याने वही काढली, आकडे पाहिले, तराजू मागवला. भाजी तेवढीच केली होती, भाकऱ्या तेवढ्याच होत्या. घरात डोकी सहा आणि इथेही सहाच.

"तुझ्या घरी काय वेगळं असतं?" मोराने विचारले.

"काही नाही महाराज. फक्त घरी घरातलंच कोणीतरी वाढतं."

मोराने मान डोलावली. तो मंत्र्यांकडे वळून म्हणाला, "पाहा. एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. परका वाढपी आला की अंदाज चुकणारच. उद्यापासून आपल्यापैकीच एकाने वाढावं."

मंगळवारी अर्थमंत्री कासवाने वाढले. पाच पाने बसली, पाचही भरली, आणि भांडे बरोबर संपले. मोर प्रसन्न झाला. बगळ्याने मोठ्या समाधानाने लिहिले की पद्धत अचूक आहे. कासव रिकाम्या भांड्यात बराच वेळ पाहत राहिले. मग त्याने मान कवचात ओढून घेतली आणि आतून सांगितले की आपला आज उपास आहे.

बुधवारी न्यायमंत्री घुबडाची पाळी आली. त्याने वाढून झाल्यावर दिवसा आपल्याला अन्न दिसत नाही, असे कारण दिले. गुरुवारी सेनापती रेड्याने आदल्या दिवशी फार झाले असे सांगितले, आणि आदल्या दिवशी त्याला भोपळ्याची एक फोड मिळाली होती, हे सर्वांनी पाहिलेले होते. शुक्रवारी राजवैद्य माकडाने फोडणीच्या भाकरीचा शेवटचा चमचा वाढताना थोडा हात थरथरू दिला. दोन चतकोर त्याच्या बाहीत पडले. रेड्याने ते पाहिले. पुढची काही मिनिटे दरबाराला शोभणारी नव्हती. बगळ्याने तराजू मधे घातला आणि तराजूचा दांडा मोडला.

कुंपणाबाहेर पहिल्या दिवशी शांतता होती. मंगळवारी दोन-तीन बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. गुरुवारपर्यंत त्यांनी घरची कामे लवकर आटोपून जागा धरायला सुरुवात केली होती. वाढून झाल्यावर मंत्री काय कारण देईल, हे त्या आधीच आपसांत सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर येई. भिवरा चुलीजवळ बसून होती. तिला आता काही करायचे उरलेले नव्हते.

शनिवारी महाराजांची पाळी आली.

आठवडाभरात त्याच्या पिसाऱ्यातली बरीच पिसे गळाली होती. तरी त्याने डोके ताठ ठेवले, पळी उचलली आणि आमटी वाढायला सुरुवात केली. आमटी जवळजवळ पाणीच होती, पण वास नेहमीसारखा खमंग होता. पहिले पान, दुसरे पान. रेड्याने द्रोण पुढे केला तेव्हा मोराची पळी जराशी थांबली, मग त्याने वाढले. चौथे पान, पाचवे पान. मोराने भांडे कलते केले. पळी तळावर घासल्याचा आवाज अंगणभर ऐकू गेला.

पाच मंत्री हात न लावता त्याच्याकडे पाहत होते. बगळ्याने सवयीने वही उघडली आणि लिहायचे काय ते न सुचून मिटली.

"महाराज," कासवाने चाचरत विचारले, "आणि आपण?"

मोराने घसा साफ केला. "तुम्ही जेवा," तो म्हणाला. "आम्हाला आज तशी भूक नाही."

पुढच्या रांगेत हौसाच्या तोंडून हसू फुटले. मग तिच्या शेजारचीच्या, मग साऱ्या कुंपणाच्या कडेने. शेळ्या, खारी, चिचुंद्र्या, म्हाताऱ्या कासविणी, सगळ्या डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. त्यांचे नवरे आणि पोरे मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्या घरातली बाई कशाला हसते आहे, हे त्यांना कळेना.

पुढच्या रविवारी नवीन फर्मान निघाले. भिवरा-मापात लेखनिकाच्या हातून चूक झाल्याचे आढळले असून टोपलीला जुने चार वेढे परत जोडण्यात येत आहेत, असे त्यात म्हटले होते. बगळ्याला कोठारावरून काढून टाकण्यात आले नाही. त्याला फक्त महिन्यातून एक दिवस वाढपी नेमले गेले.

त्या रविवारी हौसा वाटी घेऊन आली. वाटीत हरभरे होते, शिगोशीग.

"तुला आधीपासून माहीत होतं असं होणार?" तिने विचारले.

"आमटी संपणार हे माहीत होतं," भिवरा म्हणाली. "पुढचं नाही."

दुपारी बिळात भाकरी, भोपळ्याची भाजी आणि घट्ट आमटी झाली. पोरांनी नेहमीप्रमाणे पाच पाने मांडली आणि रावजीसह गोल करून बसली. भिवराने पाचही पाने वाढली आणि भांड्यात पाहिले. भांड्यात अजून होते. तिने एक पान घेतले, त्यावर आपल्यासाठी वाढले आणि ती वळली.

गोल पुरता भरलेला होता. मांड्यांना मांड्या लागलेल्या होत्या.

"आई कुठे बसते?" ठकीने विचारले.

रावजीने इकडेतिकडे पाहिले. थोरल्याने सांगितले की ठकीने सरकावे. ठकीचे म्हणणे होते की बाबांनी सरकावे, कारण ते सर्वांत जाड आहेत. रावजी थोडा सरकला तेव्हा मधलीच्या पानावर त्याचे शेपूट पडले आणि तिने ते उचलून बाजूला फेकले. मग कोणी किती सरकायचे यावरून चांगलीच भांडाभांडी जुंपली, आणि ती मिटेपर्यंत भिवरा दोन्ही हातांत गरम पान धरून, घाई न करता, उभी राहिली.