राजदूताची ओ

एका राज्यात, एका संध्याकाळी, एका मुलीने बापाला जेवायला हाक मारली, आणि ओ आली नाही.

मुलीचं नाव वेणू. भांडं पडलं तरी दचकणारी. तिचा बाप रत्नोजी, सीमेवरच्या परगण्याचा कारभारी. वेशीतून कुणीही हाक मारो, हा तोंडात घास असतानाच ‘ओ!’ म्हणायचा, आणि मग पाहायचा कोण आहे ते. एवढ्या एका गुणावर लोकांनी हात वर करून त्याला निवडलं होतं. कीर्ती राजाच्या कानी गेली. राजाने त्याला राजदूत केलं. पहिल्या दरबारात त्याने सर्पराजाचा राग निववला. दुसऱ्यात पक्ष्यांच्या राणीकडून आकाशवाट मिळवली. तिसरा दरबार करालकेतू मायावीचा. त्याने परगण्याची कोमळा नदी कमंडलूत कोंडली होती. रत्नोजीने तीही सोडवली. आजच तो परतला होता.

“आबा, जेवायला या!”

“आपला निरोप पोहोचला,” रत्नोजी म्हणाला.

“अहो, पानं वाढलीत.”

“योग्य तो विचार होईल.”

कुंपणापलीकडून गोदाकाकू हसली. “दरबारी झाला गं तुझा बाप! आता भाकरीशीसुद्धा तह करेल.”

वेणू हसली नाही. तिची नजर बापाच्या पावलांकडे गेली होती. पावलं पाषाणाची झाली होती.

कुंपणावर भारद्वाज बसला होता. तो बोलला, “नदी अशीच सुटली नाही, मुली. मायावीने बदल्यात याची ओ मागितली. हा ‘एवढंच ना?’ म्हणाला आणि देऊन आला. पाषाण गळ्याशी चढला की सगळं संपलं.”

“मग मी काय करू?”

“माझ्यामागून ये.”

बापाने मिळवलेल्या त्या आकाशवाटेने वेणू चालली. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. डोंगर मेंढरांसारखे पाय मुडपून बसले होते, आणि ढग तिच्या टाचांना चाटून जात होते. भीती वाटत होती. पण डोळे मिटवत नव्हते.

मायावीच्या पहिल्या दाराशी एक समई होती. ज्योत वळली आणि म्हणाली, “कोणाच्या वतीने आलीस?”

“कोणाच्या? माझ्याच.”

असं उत्तर ज्योतीने कधी ऐकलं नव्हतं. दार उघडलं.

दुसऱ्या दाराशी दगडी हत्ती अचानक चीत्कारला. वेणू किंचाळून खालीच बसली.

“भ्यालीस?” हत्तीने विचारलं.

“हो. फार.”

“इथे येणारा प्रत्येक जण नाही म्हणतो,” हत्ती म्हणाला आणि बाजूला झाला.

तिसऱ्या दारामागे खजिना होता. सोनं नव्हतं. अंधारात आवाज लोंबत होते, पिकल्या कणसांसारखे. कुणी पोवळ्याच्या रंगाचा, कुणी मोरपंखी, आणि श्वास घेतल्यासारखे उजळत, मंदावत. देशोदेशींच्या राजदूतांचे आवाज. इतकं सुंदर काही तिने पाहिलं नव्हतं. क्षणभर ती का आली तेच विसरली.

करालकेतू सिंहासनावरून म्हणाला, “हाका तीन. बापाची ओ ओळखलीस, तर तो माणूस होईल, नदी तुमचीच राहील, हे सगळे सुटतील. नाही ओळखलीस, तर तुझा आवाजही इथेच.”

वेणूने हाक मारली, “आबा!”

सगळे आवाज एकदम म्हणाले, “ओ, कन्ये!” एकसारखे, मधाळ.

तिने दुसरी हाक मारली. “रत्नोजी कारभारी!”

“कोण बोलावतं? कोणत्या राज्याकडून?” सगळ्यांनी विचारलं. एकसारखंच.

मायावी हसला. एकच हाक उरली. वेणूला वाटलं, नाव घेतलं की हे सगळे सावध होतात. पण आबांना वेशीतून हाक मारणारा नाव कुठे घ्यायचा? तो नडलेला असायचा, एवढंच.

तिने डोळे मिटले. दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि वेशीत उभ्या राहिलेल्या कुणा परक्या वाटसरूसारखी ओरडली,

“अहो, आहे का हो कुणी?”

खजिना गप्प झाला. राजदूतांचे आवाज विचार करू लागले: ही कोण, कशासाठी आली, उत्तर द्यावं की नाही. करालकेतूही पुढे वाकला.

आणि मागच्या काळोखातून, ती हाक पुरती संपायच्या आत, तोंडात भाकरीचा घास असावा तशी, घाईघाईने आली,

“ओ!”